घरचा डोंगर, घरचं ओझं

१९८४ च्या फेब्रुवारीत साराजेवोला हिवाळी ऑलिंपिक भरलं, तेव्हा उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या खेळाडूंच्या वतीने शपथ घेतली बोयान क्रिझायने. यजमान युगोस्लाव्हियाचा तो सगळ्यात नावाजलेला स्कीपटू. हिवाळी ऑलिंपिकचं एकही पदक या देशाला तोवर मिळालेलं नव्हतं. ते आता घरातच मिळणार आणि क्रिझायच मिळवणार, असं लोकांनी मनोमन ठरवून टाकलं होतं. पदक मिळालंही, पण ते पडलं युरे फ्रांकोच्या गळ्यात. जायंट स्लॅलॉम या खांबांना वळसे घालत उतरायच्या शर्यतीत पहिल्या फेरीनंतर चौथा असलेला फ्रांको दुसऱ्या फेरीत असा काही उतरला की थेट रौप्यपदक घेऊन गेला. साराजेवोकरांनी त्याच्यासाठी घोषणाच बनवली: 'वोलिमो युरेका, विशे ओद बुरेका'. आम्हाला युरे बुरेकपेक्षाही प्यारा! बुरेक म्हणजे तिथला खिमा भरलेला, पदर सुटलेला भाजका पदार्थ. साराजेवोत त्याच्याहून प्यारं काही असणं ही साधी गोष्ट नव्हे. क्रिझाय मात्र पदकाविनाच राहिला.

बावीस वर्षांनी, २००६ मध्ये, ऑलिंपिक इटलीतल्या तुरिनला होतं. या वेळी शपथ घेतली जॉर्जो रोक्काने. त्या मोसमातल्या स्लॅलॉमच्या पहिल्या पाच शर्यती त्याने ओळीने जिंकल्या होत्या. सेस्ट्रिएरेच्या उतारावर ऑलिंपिक स्लॅलॉम सुरू झाली आणि रोक्का पहिल्याच फेरीत बाद झाला. त्या शर्यतीची तिन्ही पदकं ऑस्ट्रियाने नेली. अल्पाइन, म्हणजे डोंगरउतारावरच्या, स्कीइंगमध्ये यजमान इटलीच्या वाट्याला त्या वर्षी एकही पदक आलं नाही.

शपथ घेणं पनवती असतं, असं मला म्हणायचं नाही. शपथेला बोलावतात तो बहुधा असा खेळाडू असतो, ज्याच्यावर देशाने आधीच आपली सगळी आशा लावलेली असते. शपथ ही नुसती खूण. खरा प्रश्न तिच्यामागे आहे: घरच्या उतारावर, घरच्या माणसांपुढे उतरताना स्कीपटूला फायदा होतो की तोटा? माझं उत्तर असं की दोन्ही होतात, पण सहसा एकाच माणसाला होत नाहीत.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे काय, हे आपल्याला सांगावं लागत नाही. फिरकीला साथ देणारी खेळपट्टी, अपील झालं की उसळणारी गर्दी, आणि क्वचित त्या गर्दीच्या दडपणाखाली वर जाणारं पंचाचं बोट. अल्पाइन स्कीइंगमध्ये यातलं बरंचसं लागूच होत नाही. समोर प्रतिस्पर्धी नसतो. एका वेळी एकच माणूस उतरतो. शैलीला गुण देणारे परीक्षक नसतात, असतं फक्त घड्याळ, आणि तेही सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारं. घड्याळाला देश नसतो. मग घरचा फायदा शिरतो तरी कुठून?

त्यासाठी खेळाची ओळख हवी, थोडक्यातच करून देतो. प्रकार मुख्यतः चार. डाउनहिल सगळ्यात लांब आणि वेगवान, ताशी १३०-१४० किलोमीटरपर्यंत जाणारा. सुपर-जी त्याच्या खालोखाल. जायंट स्लॅलॉम आणि स्लॅलॉम हे वळणांचे प्रकार. स्लॅलॉममध्ये मिनिटाच्या आत साठेक खांबांना वळसे घालत उतरायचं, एक खांब चुकला की खेळ खलास. वेगाच्या दोन प्रकारांत एकच फेरी, वळणांच्या दोन प्रकारांत दोन फेऱ्या आणि वेळांची बेरीज.

घरच्यांना झुकतं माप मिळू नये, याची काळजी नियमांनी बऱ्यापैकी घेतली आहे. डाउनहिलच्या आधी सगळ्यांनाच त्या उतारावर अधिकृत सराव मिळतो. स्लॅलॉम आणि जायंट स्लॅलॉममध्ये उलट आहे: सराव कुणालाच नाही. खांब त्याच दिवशी रोवले जातात, ते कुठे रोवायचे हे वेगवेगळ्या संघांचे प्रशिक्षक ठरवतात आणि दोन फेऱ्यांसाठी माणसं वेगळी असतात. शर्यतीआधी खेळाडू कडेकडेने, हळूहळू घसरत मार्ग डोळ्यांखालून घालतात. खांबांमधून स्की करत जायला बंदी. वर्गात परीक्षेपूर्वी प्रश्नपत्रिका दुरून दाखवावी, पण हात लावू देऊ नये, तसं.

तरीही डोंगर हा डोंगर असतो. त्याच उतारावर ज्याने लहानपणापासून शेकडो वेळा स्की केलं आहे, त्याला असं काही ठाऊक असतं जे पाहणीत सापडत नाही. दुपारी एक वाजता सावली नेमकी कुठे सरकते आणि कुठला उंचवटा त्या सपाट उजेडात दिसेनासा होतो. कुठल्या वळणाखाली बर्फ आधी उखडतो. जमीन कुठे अशी दुमडलेली आहे की स्कीखालचा आधार क्षणभर सुटतो. पारा दोन अंशांनी चढला तर इथला बर्फ कसा वागतो. स्कीच्या तळाला कुठलं मेण लावायचं आणि कडांना धार किती काढायची, हे या शेवटच्या गोष्टीवर अवलंबून असतं. ते ठरवणारे तंत्रज्ञही घरचे असले तर आणखी बरं. शिवाय, शर्यतीसाठी उतार तयार करणारी मंडळी यजमानच असतात. बर्फात पाणी मुरवून तो काचेसारखा कडक करायचा की थोडा मऊ ठेवायचा, याचे आडाखे त्यांच्या हाताशी. फसवणूक इथे नसते. आपल्या गावची विहीर किती खोल आहे हे आपल्याला माहीत असावं, तेवढंच.

मात्र इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा फायदा देशाचा नाही, उताराचा आहे. याचं सगळ्यात चोख उदाहरण म्हणजे लिंडसी वॉन. ती अमेरिकेची, पण विश्वचषकाच्या (स्कीइंगमध्ये विश्वचषक म्हणजे मोसमभर जागोजागी चालणारी शर्यतींची मालिका) तब्बल १८ शर्यती तिने कॅनडातल्या लेक लुईजला जिंकल्या, इतक्या की लोक त्या जागेला गमतीने लेक लिंडसी म्हणू लागले. राष्ट्रगीत परकं, तिकिटं काढून आलेली माणसं परकी, पण डोंगर तिचा. इटलीचा डॉमिनिक पारिस बोर्मिओच्या स्टेल्व्हिओ उतारावर सात वेळा जिंकला आहे. तो दरारा वाटणारा, बर्फाळ, अंधारा उतार आहे. तिथे पारिसला देशही मिळतो आणि डोंगरही. आणि ऑस्ट्रियाची जी पंढरी समजली जाते त्या किट्सब्यूलच्या डाउनहिलमध्ये सर्वाधिक, म्हणजे पाच विजय कुणाचे? डिडिए क्यूशचे. तो स्वित्झर्लंडचा.

उलट बाजूने पाहिलं तर 'घर' म्हणून जे म्हटलं जातं ते कधीकधी घर नसतंच. साराजेवो बोस्नियात, पण तिथला लाडका फ्रांको बोस्नियाचा नव्हता, स्लोव्हेनियाचा होता; दोन्ही तेव्हा युगोस्लाव्हियाचेच भाग. रोक्का लिव्हिन्योचा, सेस्ट्रिएरे इटलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. म्हणजे अनेकदा खेळाडूला अपेक्षा मिळतात घरच्या आणि डोंगर मिळतो परका. माझ्या मते हा सगळ्यात वाईट सौदा.

अभ्यासकांनी यावर काम केलं आहे. नायजेल बाल्मर, ॲलन नेव्हिल आणि मार्क विल्यम्स यांनी १९०८ ते १९९८ पर्यंतच्या ऑलिंपिकमधल्या हिवाळी खेळांचे निकाल तपासून २००१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. यजमानांना फायदा होतो, हे त्यांना एकूणात दिसलं. जिथे परीक्षक गुण देतात तिथे, म्हणजे फिगर स्केटिंगसारख्या खेळांत, तो जास्त. याचा अर्थ उघड आहे: गर्दी खेळाडूला ढकलते त्याहून जास्त परीक्षकाला ढकलते. पण अल्पाइन स्कीइंगमध्येही फायदा आढळला, आणि तिथे त्याचा धागा जागेच्या ओळखीशी जोडलेला दिसला. लांबच्या प्रवासाचा थकवा वगैरे कारणांना मात्र फारसा आधार मिळाला नाही.

स्कीइंगमध्ये परीक्षक नसले तरी पंचमंडळ असतंच, आणि घड्याळाच्या खेळातही माणसाच्या निर्णयाला जागा उरते. १९६८ च्या ग्रेनोबल ऑलिंपिकची स्लॅलॉम त्यासाठी आजही आठवली जाते. फ्रान्सचा जाँ-क्लोद किली घरच्या बर्फावर तिसऱ्या सुवर्णाच्या शोधात होता. दाट धुकं होतं. ऑस्ट्रियाचा कार्ल श्रान्झ दुसऱ्या फेरीत मध्येच थांबला. आपल्या वाटेत कुणीतरी आडवं आलं, असं त्याने सांगितलं. त्याला पुन्हा उतरू दिलं गेलं आणि त्याने किलीपेक्षा सरस वेळ नोंदवली. नंतर पंचमंडळाने निर्णय फिरवला: आडवं कुणी येण्याआधीच श्रान्झने खांब चुकवला होता, म्हणून तो बाद. किलीला तिसरं सुवर्ण मिळालं. ऑस्ट्रियात या निर्णयाबद्दल काय वाटतं, हे कुणा म्हाताऱ्या ऑस्ट्रियन माणसाला विचारून बघा, दुपार जाईल.

आता डोंगर बाजूला ठेवू आणि माणसांकडे येऊ. फायद्याची बाजू बरीचशी बर्फात आहे, तोट्याची बाजू डोक्यात आहे.

बँकेत काउंटरवर पलीकडून कुणी म्हणालं, "सही जुळत नाहीये, परत करा," की काय होतं? वर्षानुवर्षं डोळे मिटून केलेली सही अचानक जमेनाशी होते. आडवी रेघ आधी की उभी, हेच आठवत नाही. दुसरी सही पहिलीपेक्षा वाईट, तिसरी त्याहून. हाताला जे येत होतं, त्यात डोकं शिरलं की असं होतं. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांनी १९८० च्या दशकात दडपणाखाली कामगिरी ढासळण्याचा उलगडा साधारण असाच केला: दडपणात माणूस स्वतःच्या हालचालींवर लक्ष ठेवू लागतो आणि सरावाने आपोआप होणारी गोष्ट तुटक होते. १९८४ मध्ये त्यांनी आणि अँड्र्यू स्टाइनहिल्बर यांनी बेसबॉलचे निकाल मांडून दाखवलं, की मालिकेच्या सुरुवातीला घरचा संघ जिंकतो पण निर्णायक सामन्यात घरीच हरतो. पुढे जास्त वर्षांचे आकडे घेऊन इतरांनी या निष्कर्षाला आव्हान दिलं, त्यामुळे तो दगडावरची रेघ समजू नये. पण स्लॅलॉमकडे पाहताना तो मला पटतो. मिनिटात साठ वळणं. कुठलंही वळण विचार करून घेता येत नाही. तिथे 'पडू नकोस' हा एक विचार डोक्यात आला, की तेवढ्यात खांब निघून गेलेला असतो.

आणि अपेक्षा म्हणजे केवळ शर्यतीच्या दिवशीचा गलका नव्हे. वर सुरुवातीच्या खोपटात उभ्या असलेल्या खेळाडूला खालची गर्दी फारशी ऐकूही येत नाही. अपेक्षा आधीच येऊन बसलेली असते. वर्षभर आधी शहरात लागलेल्या फलकांवर त्याचा चेहरा असतो. पत्रकार दर आठवड्याला तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. शाळेतला मित्र तिकिटांसाठी फोन करतो. गावातली माणसं बस करून येणार असतात. परदेशातल्या शर्यतीत यातलं काहीच नसतं. तिथे खेळाडू हॉटेलात झोपतो, उतरतो, विमान पकडतो.

अपेक्षांचं दुसरं काम जास्त बारीक आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. अपेक्षा गुणांचा तक्ताच बदलून टाकतात.

समजा, एखाद्या वळणावर दोन वाटा आहेत. सावध वाट धरली तर पाचवा क्रमांक जवळपास नक्की. धाडसी वाट धरली तर दहापैकी तीन वेळा पहिला क्रमांक आणि सात वेळा जाळीत. विश्वचषकाच्या मोसमात पहिल्याला १०० गुण, पाचव्याला ४५. धाडसी वाटेची सरासरी ३०. शहाणा माणूस सावध वाट धरेल. ऑलिंपिकमध्ये तिघांनाच पदक, पाचव्याला काही नाही. तिथे धाडसी वाटच शहाणी. आणि ऑलिंपिक तुमच्याच देशात असेल आणि तुम्ही पहिल्या पसंतीचे असाल, तर? मग रौप्यसुद्धा हार. सगळा तक्ता पुसून त्यावर एकच ओळ उरते.

फ्रान्झ क्लामर नेमका या एका ओळीचा माणूस. १९७६ चं ऑलिंपिक खरं तर ऑस्ट्रियाचं नव्हतंच. ते अमेरिकेतल्या डेन्व्हरला ठरलं होतं, पण तिथल्या मतदारांनी खर्चाला नकार दिला आणि ते इन्सब्रुकला आलं. क्लामर बावीस वर्षांचा, केर्न्टेन प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा. आदल्या मोसमात त्याने डाउनहिलच्या नऊपैकी आठ शर्यती जिंकल्या होत्या. ५ फेब्रुवारीला पात्शरकोफेलच्या उतारावर उतरण्याचा त्याचा क्रमांक पंधरावा होता. तिसऱ्या क्रमांकावर उतरलेला गतविजेता, स्वित्झर्लंडचा बर्नहार्ड रुसी, १ मिनिट ४६.०६ सेकंदांची वेळ लावून खाली उभा होता.

ती चित्रफीत अजूनही पाहायला मिळते, आणि पाहिली नसेल तर जरूर पाहा. पिवळ्या पोशाखातला क्लामर पहिल्या क्षणापासून तोल जाता जाता सावरतो आहे. हात हवेत, एक स्की उचललेली, वळणावर थेट कुंपणाजवळून. मधल्या वेळेत तो रुसीच्या मागे होता. खालच्या भागात त्याने इतरांपेक्षा वरची वाट धरली आणि सगळं मागे पडलेलं भरून काढलं. १ मिनिट ४५.७३. फरक ०.३३ सेकंदांचा. ही उतरण सुंदर नाही. तिला तंत्रशुद्ध म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तरी ती या खेळातली सगळ्यात गाजलेली उतरण आहे, कारण चांगला दुसरा क्रमांक हा पर्यायच नसलेला माणूस कसा उतरतो, ते तिच्यात उघड्या डोळ्यांनी दिसतं. क्लामर पडला असता तर हीच उतरण दडपणाखाली मोडलेल्या माणसाचं उदाहरण म्हणून दाखवली गेली असती. हे अंतर फार थोडं असतं.

इथे माझा एक अंदाज, तो अंदाज म्हणूनच घ्या. डाउनहिलमध्ये अंगात आलेलं जास्तीचं वारं कधीकधी उपयोगी पडतं. वेग धाडसातून येतो. स्लॅलॉममध्ये तेच वारं घात करतं, कारण तिथे पाय सैल आणि डोकं शांत लागतं. क्लामर डाउनहिलचा, रोक्का स्लॅलॉमचा. दोन उदाहरणांवरून नियम होत नाही, पण प्रेक्षक म्हणून मी याच नजरेने पाहतो.

क्लामरची पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ऑलिंपिकमध्ये एका शर्यतीत एका देशाचे चारच खेळाडू उतरू शकतात. ऑस्ट्रियाकडे चांगल्या स्कीपटूंची रांग इतकी लांब की संघात येणं हीच अर्धी लढाई. चार वर्षांनी क्लामरचा सूर हरवला होता आणि १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकला त्याची निवड झाली नाही. त्या डाउनहिलचं सुवर्ण मिळवलं लिओनहार्ड श्टॉकने. तो राखीव म्हणून गेला होता. घरून काहीही सांगून पाठवलेलं नव्हतं अशा माणसाचं सुवर्ण.

कॅनडाने २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकसाठी घरचा फायदा ठरवून, पैसे ओतून तयार करायचा प्रयत्न केला. पदकतक्त्यात अव्वल यायचंच, अशा नावाचा आणि इराद्याचा सरकारी-खासगी कार्यक्रम आखला. परदेशी खेळाडूंना तिथल्या स्पर्धास्थळांवर सरावाचा वेळ मोजूनमापून दिला, यावर टीकाही झाली. ल्यूजच्या, म्हणजे बर्फाच्या घळीतून छोट्या गाडीवर उताणं झोपून घसरण्याच्या खेळाच्या, सरावात जॉर्जियाच्या एका तरुण खेळाडूचा जीव गेल्यावर ती टीका आणखी कडू झाली. कॅनडाने एकंदरीत विक्रमी १४ सुवर्णं मिळवली. पण व्हिसलरच्या अल्पाइन उतारांवर? शून्य. एकही पदक नाही. एरिक गे डाउनहिलमध्ये पाचवा आला आणि सुपर-जीमध्येही पाचवाच. सुपर-जीमध्ये कांस्यपदक त्याच्यापासून ०.०३ सेकंद दूर राहिलं. ताशी ९० किलोमीटर वेग धरला तर हे अंतर पाऊण मीटर भरतं, म्हणजे स्कीच्या निम्म्या लांबीहूनही कमी. गे क्वेबेकचा. व्हिसलर त्याच्या घरापासून खंडाच्या दुसऱ्या टोकाला. वर म्हटलेला वाईट सौदा तो हाच. पुढे तो दोनदा जगज्जेता झाला, २०११ मध्ये जर्मनीतल्या गार्मिशला आणि २०१७ मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झला.

गार्मिशच्या त्या २०११ च्या स्पर्धेत यजमानांची लाडकी होती मारिया रीश, त्याच गावची मुलगी. आदल्याच वर्षी व्हँकुव्हरला तिने दोन सुवर्णं जिंकली होती. गावात आजारी अंगाने उतरून तिने दोन कांस्यपदकं मिळवली. कुठल्याही इतर देशात कौतुक झालं असतं.

ऑस्ट्रियाचं २०१३ मात्र सविस्तर सांगायला हवं. जागतिक स्पर्धा श्लाडमिंगला. हे तेच गाव, जिथे दर जानेवारीत रात्रीच्या उजेडात स्लॅलॉम होते आणि हजारोंची गर्दी उताराच्या पायथ्याशी दाटते. स्पर्धा संपत आली तरी यजमानांकडे वैयक्तिक सुवर्ण एकही नव्हतं. सांघिक शर्यतीचं होतं, पण ते कोण मोजतं? जसजसे दिवस सरले तसतसं दहा-बारा खेळाडूंवर वाटलेलं ओझं सरकत सरकत एकाच माणसाच्या पाठीवर आलं: मार्सेल हिर्शर, वय २३. शेवटचा दिवस, १७ फेब्रुवारी, शेवटची शर्यत, पुरुषांची स्लॅलॉम. पहिल्या फेरीत आघाडी घेतली की दुसऱ्या फेरीत शेवटी उतरावं लागतं. म्हणजे आघाडीच्या माणसाला वाट पाहण्याची शिक्षा. जर्मनीचा फेलिक्स नॉयरॉयथर खाली पहिल्या जागेवर उभा, सगळे उतरून झालेले, वर हिर्शर एकटा. तो जिंकला. हिर्शर २०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षं विश्वचषकाचा सर्वंकष विजेता (म्हणजे सगळ्या प्रकारांचे गुण मिळून पहिला) राहिला, पण मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात अवघड मिनिट ते होतं.

म्हणजे पसंतीचा खेळाडू घरी मोडतोच असं नाही. स्वीडनच्या आन्या पेर्सनने २००७ मध्ये ओरेला तीन सुवर्णं जिंकली. गंमत अशी की तिची मूळ ओळख स्लॅलॉम आणि जायंट स्लॅलॉमची, आणि सुवर्णं आली सुपर-जी, डाउनहिल आणि कंबाइंडमध्ये (वेगाची एक आणि स्लॅलॉमची एक फेरी मिळून होणारी शर्यत). जिथे लोकांचं लक्ष कमी होतं तिथे. मिकेला शिफ्रिन २०१५ मध्ये एकोणीस वर्षांची होती. कोलोरॅडोतल्या तिच्या जन्मगावाजवळ जागतिक स्पर्धा होती आणि स्लॅलॉमची गतविजेती तीच होती. तिने सुवर्ण राखलं. अशी माणसं असतात. त्यांच्यावरून बाकीच्यांना मापू नये, एवढंच.

ओझं वाटून घेतलं तर काय होतं, ते १९८७ मध्ये दिसलं. क्रां-मोंतानाला जागतिक स्पर्धा होती. यजमान स्वित्झर्लंडने दहापैकी आठ सुवर्णं नेली. पिर्मिन झुरब्रिगेन, मारिया वालिझर, एरिका हेस, व्हरेनी श्नायडर, पेटर म्युलर. एकाचं चुकलं तर दुसरा होताच, आणि सोमवारी सुवर्ण आलं की मंगळवारी उतरणाऱ्याचे खांदे हलके. घरचा डोंगर तोच, घरची माणसं तीच. पण पाच जणांचं घर आणि एका कमावत्याचं घर यांत जेवढा फरक, तेवढाच इथेही.

आणि ज्याच्याकडून फार काही मागितलेलं नसतं, त्याला घरची गर्दी पंख देते. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्याच साल्बाखला जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांच्या जायंट स्लॅलॉमचं भाकीत करणाऱ्यांच्या ओठांवर स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटचं नाव होतं. जिंकला राफाएल हासर, ज्याने विश्वचषकाची एकही शर्यत तोवर जिंकलेली नव्हती. फ्रांको आणि हासर यांच्यात एक्केचाळीस वर्षांचं अंतर आहे, पण दोघांची गोष्ट एकच.

गर्दी काढून घेतली तर काय होतं, याचा प्रयोग २०२१ च्या हिवाळ्यात नाइलाजाने झाला. कोविडमुळे उतार रिकामे होते. किट्सब्यूलच्या दोन्ही डाउनहिल स्वित्झर्लंडच्या बेआट फॉइट्झने जिंकल्या. श्लाडमिंगची रात्रीची स्लॅलॉम मात्र ऑस्ट्रियाच्याच मार्को श्वार्झने जिंकली, टाळ्या वाजवायला कुणी नसताना. एका मोसमावरून काही सिद्ध होत नाही. पण श्वार्झच्या त्या रात्रीकडे पाहून एक शंका येते, की गर्दी नसलेलं घर हे कदाचित सगळ्यात चांगलं घर असेल. डोंगर तुमचा, झोप तुमच्या पलंगावर, आणि मागणारं कुणी नाही.

शिफ्रिनकडे परत येतो, कारण तिची गोष्ट अर्धी राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचे विश्वचषकातले विजय ९९ झाले होते. शंभरापर्यंत कुणी पोहोचलेलंच नव्हतं. पुढची शर्यत व्हरमाँटमधल्या किलिंग्टनला होती. तिथून फार लांब नसलेल्या शाळेत ती शिकली होती आणि किलिंग्टनची स्लॅलॉम तिने आधी सहा वेळा जिंकलेली. हजारो लोक शंभरावा बघायलाच आले होते. ३० नोव्हेंबरला जायंट स्लॅलॉमच्या पहिल्या फेरीत ती आघाडीवर. दुसऱ्या फेरीत, शेवटच्या टप्प्यात, ती आदळली आणि पोटाच्या बाजूला खोल जखम झाली. अपेक्षांमुळे पडली, असं म्हणणं अन्यायाचं होईल. बर्फावर माणूस पडतो, त्याला कारण लागतंच असं नाही. दोन महिने ती शर्यतींपासून लांब होती.

शंभरावा विजय आला २३ फेब्रुवारी २०२५ ला. स्लॅलॉममध्ये, घरापासून एक अख्खा महासागर दूर, इटलीत. गावाचं नाव सेस्ट्रिएरे.